आधी काच पुसा

सकाळी ९. सांगलीतलं दुकान उघडलं की संगणकाआधी स्कॅनर. फीडरच्या बाजूला काचेची एक अरुंद पट्टी असते. कागद तिच्यावरून सरकतो, सेन्सर मात्र खाली एकाच जागी थांबलेला असतो. त्यामुळे पट्टीला चिकटलेला व्हाइटनरचा एक कण पानाच्या वरपासून खालपर्यंत सरळ रेघ ओढतो. मोठ्या काचेवर तोच कण नुसता ठिपका उमटवतो. म्हणून रेघ फक्त फीडरमधून येत असेल तर मेकॅनिकला बोलवायची गरज नाही. सुती फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्टी पुसायची. थेट काचेवर फवारलं तर ते कडेनं आत झिरपतं.

१०.३०. साताऱ्याहून एका वकीलसाहेबांचा फोन. "खरेदीखतावरचा शिक्काच लागेना हो." पान व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून आलेलं, म्हणजे आधीच दाबून बारीक झालेलं. त्यात स्कॅन काळा-पांढरा. या पद्धतीत प्रत्येक ठिपका एकतर काळा नाहीतर पांढरा. फिकट जांभळी शाई पांढऱ्यात जाते. जुन्या कागदावर हा अन्याय आहे, असं माझं ठाम मत. "साहेब, रंगीत घ्या. ३०० डीपीआय, अक्षर बारीक असेल तर ६००. आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा."

तासाभरात शिक्का दिसला : जिल्हा दक्षिण सातारा. १९४९ साली तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके साताऱ्यातून निघून हा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. दस्ताची तारीख फाटून गेली होती. आता निदान काळ तरी कळला.

१२.३०. भिलवडीकडचे एक आबा. पिशवीत २०१९ च्या पुरात भिजून वाळलेले फेरफार. त्या वर्षी आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. कागद पापडासारखे वेडेवाकडे.

"दुसरीकडं केलं, समदं धुरकट आलं. कॉम्प्युटरवर साफ हुतंय न्हवं?"

"नाही आबा. अक्षर मुळात पुसटच टिपलंय."

हल्लीच्या पातळ, स्वस्त स्कॅनरमध्ये सीआयएस सेन्सर असतो. काचेला टेकलेलं तो छान टिपतो, पण कागद दोन-तीन मिलिमीटर उचलला की अक्षर विरघळतं. जुन्या, जाड सीसीडी स्कॅनरची नजर जास्त खोल पोचते. म्हणून असल्या कामाला मी जुनं मशीन जपून ठेवलंय. तरी आधी मऊ ब्रशनं वाळलेला गाळ झाडला आणि पानं टिपकागदात घालून वजनाखाली ठेवली. स्कॅन करताना मागे काळा कागद लावणार, म्हणजे पलीकडची शाई अलीकडे दिसत नाही. आबा घाई करत होते. "दोन दिवस राहू द्या," म्हटलं, आणि लॅमिनेशन अजिबात करू नका, हेही बजावलं.

४. वर्तमानपत्रातल्या छायाचित्रावर जाळी आली. डीस्क्रीन लावलं, गेली.

६.३०. पाठवण्याआधी प्रत्येक पान शंभर टक्के मोठं करून मूळ कागदाशेजारी ताडून बघतो. हस्ताक्षरातला १ आणि ९ विशेष. गुंठ्याच्या रकान्यात एवढ्या फरकावरून भावकी कोर्टात जाते. आज एका पानाचा कोपरा दुमडलेला निघाला, क्षेत्राचा आकडा त्याच्याखाली. ते पान पुन्हा काचेवर.