शेजाऱ्याची जकात आणि नागपूरचा संत्रा

हिवाळ्यात प्रताप नगरच्या चौकात संत्र्याचे हातठेले लागतात. ज्या साली ठेल्यावर संत्रा स्वस्त मिळतो, त्या साली गिऱ्हाईक खूष असते. पण कळमन्याच्या बाजारात अडते, बागवान, क्रेट भरणारे हमाल आणि ट्रकवाले या सर्वांची तोंडे उतरलेली असतात. 2023 चा हंगाम असाच गेला. फळ भरपूर होते, उठाव नव्हता. त्याचे कारण शोधायला थेट ढाक्याला जावे लागते.

नागपुरी संत्र्याचा सर्वांत मोठा परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश होय. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडचा माल छाटणी करून, मेण लावून, क्रेटमध्ये भरून हजार-बाराशे किलोमीटर लांब पेट्रापोल-बेनापोलच्या नाक्यावर जातो. 2019 साली तिथे किलोमागे सुमारे 20 टका आयात शुल्क होते, ते दरसाल चढत 2023 मध्ये 88 टक्यांवर पोहोचले. बांगलादेशात डॉलरची चणचण होती. मे 2022 मध्ये तिथल्या सरकारने फळे, फुले, सौंदर्यप्रसाधने अशा मालावर 20 टक्के नियामक शुल्क बसवले. शिवाय शुल्काचा हिशेब डॉलरमधल्या किमतीवर होतो. टका घसरला की कर न वाढवताही कर वाढतो! निर्यात निम्म्याहून खाली आली आणि तो माल आपल्याच बाजारात येऊन पडला.

आता वाचक विचारतील, शेजारी देशांचा करार होता ना? होता आणि आहे. सार्क संघटना डिसेंबर 1985 मध्ये ढाक्यातच स्थापन झाली. 1995 मध्ये साप्टा हा सवलतीचा करार अमलात आला आणि 1 जानेवारी 2006 पासून साफ्टा, म्हणजे मुक्त व्यापाराचा करार. तथापि प्रत्येक देशाने आपली ‘संवेदनशील यादी’ बाजूला ठेवली, त्या यादीतल्या मालाला सवलत नाही. त्यावर नियामक शुल्क, पूरक शुल्क अशा वेगळ्या नावांचे कर आहेतच. दार उघडे, पण उंबरठा छातीएवढा! म्हणूनच सार्क देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम पाच टक्के राहिला. आसियान देशांत तो वीस टक्क्यांच्या वर आहे.

भारताने नोव्हेंबर 2011 मध्ये दारू-तंबाखूसारख्या 25 वस्तू सोडून बांगलादेशचा सर्व माल जकातमुक्त केला. मग त्यांचे तयार कपडे बिनजकात आणि आमच्या संत्र्यावर 88 टका, हा कुठला न्याय, असे व्यापारी म्हणतात. तक्रार खोटी नाही. पण भारताशी व्यापारात बांगलादेश नेहमीच मोठ्या तुटीत राहिला आहे, हेही ध्यानात घ्यावे. मे 2025 मध्ये भारताने तिकडचे कपडे खुष्कीच्या नाक्यांवरून आणण्यास बंदी केली. राज्यकर्त्यांच्या रुसव्याफुगव्यात नाक्यावर खोळंबतो तो ट्रक. सार्कची शिखर परिषद 2014 मध्ये काठमांडूला झाली, त्यानंतर 2016 ची इस्लामाबादची परिषद रद्दच झाली. गाऱ्हाणे नेणार कुठे?

डिसेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने निम्मे शुल्क, म्हणजे किलोमागे 44 रुपये अनुदान जाहीर केले. ही मदत ठीक, पण निर्यातीचे कागद ज्याच्या नावावर, पैसा त्याच्याच हाती. आपले बहुतेक लहान बागवान माल दुसऱ्याच्या नावावर पाठवून मोकळे होतात. आयात-निर्यात क्रमांक (आयईसी) काढण्यास फार खर्च नाही. पॅन कार्ड आणि बँक खाते असले की घरबसल्या अर्ज होतो. त्यासोबत अपेडाची नोंदणी आणि दर खेपेला फळ रोगमुक्त असल्याचा दाखला लागतो. जुलै 2023 पासून बांगलादेशाशी रुपयात व्यवहाराचीही सोय झाली. चार-पाच जणांनी मिळून एक नोंदणी केली तरी चालण्यासारखे आहे. भागीदारीची लिखापढी मात्र पहिल्या ट्रकच्या आधी करावी, नंतर नव्हे.