संडास बदलला, गळती कुठे गेली?
मुंबई-पुण्याच्या इमारतींत देशी भांड्याची जागा कमोडने घेतली, तसतशी गळतीनेही आपली जागा बदलली.

बिडाच्या पाइपांच्या काळात सांध्यात सुतळी ठोकून वर वितळलेले शिसे ओतत. भिंतीवर उंच बिडाची टाकी, तिला साखळी, आणि एका ओढीत साडेबारा लिटरपर्यंत पाणी. बीड गंजे, पण पाइप बहुधा बाहेरच्या भिंतीवर असल्याने गळती दिसे तरी. पीव्हीसी गंजत नाही. त्याचा दोष सांध्यात. सोल्यूशन नीट लागले नाही किंवा रबरी रिंग सरकली की तो झिरपू लागतो.

खरी मेख मात्र भरावात होती. देशी भांडे नि ट्रॅप मावावेत म्हणून संडासाचा स्लॅब फूटभर खाली टाकत आणि तो खड्डा वीटतुकड्यांच्या कोब्याने भरत. न्हाणी ट्रॅपच्या कडेने आणि लाद्यांच्या सांध्यांतून उतरलेले पाणी या भरावात साचते नि सावकाश खाली उतरते. वरच्यांनी नळ बंद केला तरी खालच्या छतावरचा डाग त्यामुळेच कित्येक दिवस ओला राहतो; ‘आमच्याकडे सगळं कोरडं आहे’ हे वरच्यांचे म्हणणेही मग खोटे नसते. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी संडास, सिंक यांची अंतर्गत गळती सभासदाच्या खर्चात घातली, पण भांडणे थांबली नाहीत.

देशी भांडे काढताना घणाचे घाव कोब्याला तडे देत. त्यावर कमोड पांढऱ्या सिमेंटने चिकटवला जाई. तो किंचित डुलला की सिमेंट तडकलेच. आता रबरी कनेक्टर आणि सिलिकॉन आले. तरी एस-ट्रॅपच्या कमोडला भिंतीपासून ट्रॅपच्या मध्यापर्यंतचे अंतर जुळावे लागते, आणि जुन्या टाइल्सवर नव्या चढवल्या की तेच घटते. भिंतीवर टांगलेल्या कमोडने फरशी मोकळी केली खरी, पण टाकी भिंतीत गेल्याने गळती पुन्हा नजरेआड गेली.

वॉटरप्रूफिंगही कोब्यावरून पॉलिमरच्या लेपावर आले: दोन हात, कोपऱ्यांना गोलाई, आणि लेप भिंतीवर फूटभर चढवलेला. लेप कितीही महाग असो, ट्रॅपच्या तोंडाशी तो तुटला तर व्यर्थ. म्हणून टाइल्स लावण्यापूर्वी ट्रॅप बोळ्याने बंद करून पाणी भरतात, भिंतीवर पातळीची खूण करतात आणि निदान 48 तास खालचे छत तपासत राहतात. घाईच्या कामात नेमके हेच दोन दिवस वगळले जातात.