भीती वाटली तरी मागे रेलू नका

गुलमर्गच्या बर्फाळ उतारावर स्कीइंग करताना नवखा माणूस वेग वाढला की हमखास मागे रेलतो. त्याला ते सुरक्षित वाटतं, पण घात तिथेच होतो. वजन टाचांवर गेलं की स्कीच्या पुढच्या टोकावरचा दाब सुटतो. टोक बर्फाला नीट धरत नाही, मग वळणार कसं? शिवाय अशा तोल गेलेल्या अवस्थेत गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटू शकतो. म्हणून नडगी बुटाच्या पुढच्या भागाला टेकलेलीच हवी.

बूट स्कीला जखडणारं बाइंडिंग वजन, उंची आणि कौशल्य सांगून जाणकाराकडूनच जुळवून घ्या. ते फार घट्ट असेल तर पडताना सुटत नाही आणि सगळा पीळ पायात उतरतो. स्नोबोर्डवर मात्र पडलं तरी पाय बांधलेलेच राहतात. तिथे पडताना हात आपसूक टेकतो आणि मनगट मोडतं. हेल्मेटइतकंच मनगटाचं संरक्षक कवचही तिथे गरजेचं आहे.