रंग फसवतो, ठेवण फसवत नाही

पाऊस तोंडावर आला की आमच्या जुन्नर-आंबेगाव भागात माझा फोन रात्री-अपरात्री वाजू लागतो. कुणाच्या कांद्याच्या बराखीत साप निघालेला असतो, कुणाच्या गोठ्यात, तर कुणाच्या उसाच्या पाचटात. गेली बरीच वर्षे मी असे साप पकडून वन खात्याला कळवून सोडून देतो. पूर्वी लोक एवढेच विचारायचे, "विषारी आहे का?" आता त्यात एक नवा प्रश्न आला आहे. "दादा, हा वेगळ्याच रंगाचा आहे. याला किंमत येईल का?" आज या दोन्ही प्रश्नांविषयी बोलू या.

मोबाइलवर आपण पांढरे, केशरी, गुलाबी बोआ साप पाहतो. ते मूळचे अमेरिका खंडातले. परदेशात हौशी लोक ते पाळतात आणि पिढ्यान् पिढ्या निवड करून त्यांच्यात वेगवेगळे रंग व नक्षी टिकवतात. पण बोआच्या कुळातले साप आपल्या बांधावरही आहेत. एक मांडूळ, ज्याला आपण दुतोंड्या म्हणतो. दुसरा दुरक्या घोणस. तिसरा व्हिटेकरचा बोआ. तो मात्र घाटाखालचा, दक्षिण कोकण-गोव्याकडचा. हे तिघेही बिनविषारी आहेत.

सापाच्या कातडीत रंगाच्या वेगवेगळ्या पेशी असतात. काहींत काळा-तपकिरी रंग असतो, त्याला मेलॅनिन म्हणतात. काहींत पिवळा-तांबडा रंग असतो आणि काही पेशी नुसता उजेड परतवून चमक आणतात. मेलॅनिन तयारच झाले नाही तर काळा रंग जातो, पिवळा-तांबडा उरतो आणि डोळे लाल दिसतात. हा अल्बिनो. अंग पांढरे पण डोळे काळे असतील तर तो प्रकार निराळा. मेलॅनिन जास्त झाले तर साप काळाभोर होतो.

अल्बिनोपणाचा दोष सहसा लपून राहतो. आई आणि बाप दोघांकडूनही तो आला तरच पिल्लात दिसतो. दोघेही दिसायला साधे, पण दोघांच्या अंगात तो दडलेला असेल, तर सरासरी चारात एक पिल्लू अल्बिनो निघते. गंमत पुढेच आहे. अमेरिकेतल्या पाळीव बोआंमध्ये अल्बिनोंची दोन प्रसिद्ध घराणी आहेत. दोन्ही दिसायला सारखीच, पण त्यांची जोडी लावली तर पिल्ले चक्क साध्या रंगाची होतात. कारण दोन घराण्यांतला बिघाड दोन वेगळ्या जागी आहे. म्हणजे पाळलेल्या सापातसुद्धा नुसता रंग पाहून त्याचा वाण ठरत नाही, आईबापांची नोंद लागते. मग बांधावर सापडलेल्या मांडुळाला "खास रंगाचा" म्हणून भाव सांगणारा माणूस कशाच्या आधारावर बोलतो?

खरे तर आपल्याकडे "वेगळा" म्हणून दाखवलेला मांडूळ बहुतेक वेळा साधाच असतो. मांडुळाची मादी अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते. ही पिल्ले तांबूस असतात आणि शेपटीकडे काळे पट्टे असतात. वय वाढते तसा रंग गडद तपकिरी होत जातो, पट्टे पुसट होतात. काहींच्या शेपटीवर ते मोठेपणीही राहतात. कात टाकण्याआधी साप मळकट दिसतो, डोळे निळसर-दुधी होतात; कात टाकली की तोच साप नव्या कापडासारखा उजळतो. शेपटीवरचे पांढरट डाग पुष्कळदा जुन्या जखमांचे असतात. संकट आले की मांडूळ डोके अंगाखाली दडवतो आणि बोथट शेपूट पुढे करतो. शत्रू तिलाच तोंड समजून चावतो. "सहा महिने या तोंडाने, सहा महिने त्या तोंडाने चालतो" या समजुतीचे मूळ हेच.

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. दुरक्या घोणस आणि विषारी घोणस दोघांच्याही अंगावर तपकिरी ठिपके असतात. दोघांचा मूळ रंग पिवळसर ते गडद तपकिरी असा कोणताही असू शकतो. म्हणून रंग बाजूला ठेवा, ठेवण पाहा, तीही लांबूनच. घोणशीचे डोके त्रिकोणी, मान बारीक, आणि अंगावर लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा साखळीसारख्या नीट ओवलेल्या असतात. डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार टाकते. दुरक्याचे डोके आणि मान वेगळी दिसत नाही, ठिपके वेडेवाकडे एकमेकांत मिसळलेले असतात, शेपूट आखूड आणि खरखरीत असते. या गोंधळात दुरक्या हकनाक मारला जातो. उलट चूक झाली, "दुरक्या आहे" किंवा "अजगराचे पिल्लू आहे" म्हणून कुणी घोणस उचलली, तर माणूस जातो. म्हणून शंका असो वा नसो, हात लावू नका. दंश झालाच तर मंत्र-तंत्रात वेळ न घालवता १०८ वर फोन करा आणि प्रतिसर्पविष मिळेल अशा रुग्णालयात पोहोचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर आपल्याकडची एकच लस चालते. त्यामुळे साप ओळखण्यासाठी त्याच्या मागे धावण्याची गरज नाही.

राहिला किमतीचा प्रश्न. मांडुळाने गुप्तधन सापडते, अमुक वजनाला लाखो मिळतात, या थापांपायी आपल्या भागातली तरुण मुले तुरुंगाची वाट धरतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मांडूळ पकडणे, पाळणे, विकणे हा गुन्हा आहे. परदेशी बोआ बाळगणाऱ्यांनाही २०२४ च्या नियमांनुसार सरकारकडे नोंदणी करावी लागते. धन सापडल्याचे मला कुणी दाखवलेले नाही. फसलेले मात्र पुष्कळ पाहिले, आणि पोत्यात कोंडून मेलेले मांडूळही पाहिले.

मांडुळाची खरी किंमत शेतात आहे. रात्री बिळात शिरून तो उंदीर आवळून मारतो, आपल्या बराखीतले धान्य आणि बियाणे वाचवतो. त्याबद्दल मजुरी मागत नाही. तेव्हा नांगरटीत एखादा मांडूळ वर आला, मग तो तांबूस असो, काळा असो की पट्ट्यांचा, औत क्षणभर थांबवा आणि त्याला बांधाकडे जाऊ द्या. घरात शिरलाच तर वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.