डोंगरउतारावरील बांधकाम : भूगर्भशास्त्रज्ञ व मृदा अभियंता यांचे कार्य

आपल्याकडे घर बांधायचे ठरले की प्रथम गवंडी येतो. ऐपत असल्यास अभियंत्याकडून नकाशा काढून घेतला जातो. परंतु ज्या जमिनीवर घर उभे राहणार, ती तपासणाऱ्यास कोणी बोलावीत नाही. सपाट रानात हे एक वेळ खपून जाते. उतारावर मात्र जिवावर बेतते. आणि उताराला, नाल्याच्या काठाला घरे बहुधा कोणाची असतात, हे वाचकांना सांगावयास नको.

येथे दोन तज्ज्ञांचे काम असते आणि ते एक नव्हे. भूगर्भशास्त्रज्ञ डोंगर पाहतो. आपल्या हिंगोली जिल्ह्याचा कातळ हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून झालेला आहे. दोन थरांमध्ये कोठे कोठे लाल मातीचा मऊ पट्टा असतो. कातळाच्या भेगांतून मुरलेले पाणी अशा पट्ट्यावर अडते व बाजूने पाझरते. हा पाझर, भेगांची दिशा, पूर्वी घसरलेल्या दगडमातीचे ढिगारे, वाकलेली झाडे यांवरून तो सांगतो की हा डोंगर जागेवर राहील की नाही.

मृदा अभियंत्याचा प्रश्न निराळा आहे. ही माती किती भार पेलेल? तो खड्डे व बोअर घेऊन नमुने प्रयोगशाळेत तपासतो. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; म्हणून पाया मुरमापर्यंत किंवा कातळापर्यंत किती खोल न्यावा, उतार किती तिरपा कापावा, संरक्षक भिंतीमागचे पाणी कसे काढावे, हे तो ठरवितो. भिंतीला पाणी निघण्याची छिद्रे ठेवली नाहीत तर मागे तुंबलेले पाणीच तिला ढकलून पाडते. गवंडी ही छिद्रे हमखास विसरतात!

एकाचे काम दुसऱ्याने भागत नाही. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. सुमारे दीडशे माणसे दगावली. तेथे घरांचा पाया भक्कम होता की कच्चा, हा प्रश्नच उरला नाही. अतिवृष्टीत घसरला तो गावावरचा डोंगर. २०२१ साली तळिये व २०२३ साली इर्शाळवाडी येथेही दरडीनेच वस्ती गिळली. आपल्या जिल्ह्यात पाऊस सह्याद्रीइतका नाही, हे खरे. पण २१ मार्च २०२४ रोजी हिंगोलीच्या भूमीला ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, हेही विसरता येत नाही.

विद्यार्थ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. अहवाल दिला की या दोघांचे काम संपत नाही. पाया खोदल्यावर, काँक्रीट ओतण्यापूर्वी, खड्ड्याचा तळ त्यांनी स्वतः उतरून पाहावयाचा असतो. अहवालात कातळ लिहिलेला असतो आणि तळाशी कधी कधी नुसता सुटा धोंडा निघतो.