पिवळी गोळी आणि बोअरिंगचं पाणी

कापूस वेचणी सुरू झाली की पांढरकवड्यातल्या माझ्या औषधाच्या दुकानासमोर शटर उघडायच्या आधीच दोन-चार बाया उभ्या असतात. "भाऊ, थे पिवयी गोयी दे ना. कंबर लय दुखून रायली." गोळीचं नाव डायक्लोफेनॅक, पण त्यांना रंग पुरतो. मी डॉक्टरची चिठ्ठी मागतो, तोंडं वाकडी होतात.

दिवसभर कापसाची ओटी बांधून वाकलेली कंबर दुखणारच. ताणलेल्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात आणि तिथल्या नसा हळव्या होतात. ती बनवणाऱ्या एन्झाइमच्या खाचेत डायक्लोफेनॅक जाऊन बसतं, म्हणून दुखणं उतरतं. आयब्युप्रोफेनचंही तसंच. अ‍ॅस्पिरिन मात्र त्या एन्झाइमला आपला अ‍ॅसिटिल गट कायमचा चिकटवतं. म्हणून तर रक्ताची गुठळी होऊ नये यासाठी हृदयरोग्याला ७५ मिलिग्रॅमची इवलीशी गोळी पुरते. अशा गोळ्या प्रोस्टाग्लँडिन बनणंच रोखतात, हे कोडं जॉन वेन या शास्त्रज्ञानं १९७१ मध्ये सोडवलं. तोवर अ‍ॅस्पिरिन १८९९ पासून खपतच होतं!

घोळ असा, की हीच प्रोस्टाग्लँडिन रसायनं जठराचं अस्तर राखतात आणि अंगात पाणी कमी पडलं की किडनीचा रक्तपुरवठा टिकवतात. वावरात बाईला आडोसा नसतो, म्हणून ती पाणीच कमी पिते. त्यात उपाशीपोटी गोळी.

आमच्या भागात याला आणखी एक पदर आहे. पांढरकवडा, झरी, मारेगावकडच्या कितीतरी बोअरिंगच्या पाण्यात फ्लोराइड आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर ते चालत नाही. लहानपणापासून पोटात गेलं की दातांवर तपकिरी डाग पडतात, पुढे हाडांत साचून मान, कंबर, गुडघे आखडतात. पाणी उकळून ते जात नाही, उलट आटून दाट होतं. ही कंबरदुखी वेचणी संपली तरी राहते, मग गोळीही राहते. आणि अंगातलं फ्लोराइड बाहेर टाकायचं काम मुख्यतः किडनीचंच! रोजच्या गोळीनं ती खचली की फ्लोराइड आतच मुक्काम करतं, दुखणं वाढतं, गिऱ्हाईक पुन्हा माझ्याच दारात.

त्यातल्या त्यात पॅरासिटामॉल पोटाला आणि किडनीला सोसतं. पण त्याचा थोडा अंश यकृतात विषारी होतो; तो निकामी करणारा साठा संपला की यकृत जळतं. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅम ही शेवटची हद्द, रोज दारू पिणाऱ्याला त्याहून कमी. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते हिशेबात कुणी धरत नाही.

परवा झरीकडची एक मावशी आली. हसली तेव्हा दात दिसले.

"मावशी, घरी पाणी कुठलं पिता?"

"बोअरिंगचं," ती कौतुकानं म्हणाली, "उनायातबी आटत नाई."

मी गोळी दिली नाही. पाणी तपासायला बाटली भरून आणा म्हटलं, तर ती शेजारच्या दुकानाकडे बघायला लागली.