माजी सैनिकांचा संघ आणि तरुण सभासद

आमच्या तालुक्याच्या गावी माजी सैनिकांचा एक संघ आहे. गेल्या वर्षी त्याचे चिटणीस आमच्याकडे आले व म्हणाले, "भाऊ, तुम्ही कामगारांत सभासद मिळवीत जन्म काढलात. आमच्याकडे तरुण का येत नाहीत, एवढे सांगा." आम्ही त्यांच्या सभेला जाऊन बसलो. वार मंगळवार, वेळ सकाळी अकराची. समोर १९७१ च्या युद्धातली माणसे, सगळी सत्तरी ओलांडलेली. तरुण येणार तरी कसे? फौजेतला शिपाई चाळिशीच्या आसपास घरी परततो, तेव्हा मुले अजून शाळेत असतात. मग तो बँकेच्या दाराशी बंदूक घेऊन किंवा कारखान्याच्या फाटकावर पाळीने उभा राहतो. अकराची सभा त्याच्यासाठी नव्हेच.

तरुणांना आस्था नाही, ही तक्रार आम्हांस परकी नाही. युनियनमध्ये आम्हीच ती करीत होतो. एका कारखान्यात कंत्राटी कामगारांना, ते कायम नाहीत म्हणून, आम्ही सभासद करून घेतले नाही. कायम कामगार एकेक करून निवृत्त झाले आणि शेवटी युनियनच्या खोलीला कुलूप लागले. ती चूक आमची होती.

सैनिकांच्या संस्थांतही हे घडलेले आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेल्यांनी १८६६ साली 'ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक' स्थापन केली. १८९० च्या सुमारास तिचे सभासद चार लाखांवर होते. राष्ट्राध्यक्षांनाही तिचा वचक असे. पण त्याच एका युद्धातल्या माणसाखेरीज कोणास प्रवेश नव्हता. १९४९ च्या अखेरच्या अधिवेशनाला सहाजण आले. शेवटचा सभासद १९५६ साली वारला आणि संस्था मिटली. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली निघालेल्या 'अमेरिकन लीजन'ने मात्र १९४२ साली दुसऱ्या युद्धातील सैनिकांना आत घेतले आणि ती आजही उभी आहे. अर्थात दार उघडले म्हणजे झाले असे नाही. व्हिएतनामहून परतलेल्या पुष्कळांना जुन्या संस्थांत आपलेपणा वाटला नाही. त्यांनी १९७८ साली आपली वेगळी संघटना काढली.

आता आपल्याकडे पाहू. आमच्या या संघाच्या नियमांत सभासद 'निवृत्तिवेतनधारक' असावा असे कलम आहे. २०२२ साली अग्निपथ योजना आली. तिच्या मूळ अटींप्रमाणे चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्के मुले कायम व्हायची. बाकीच्यांना एकरकमी सेवानिधी मिळायचा, पण पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे तेविशी-चोविशीचा मुलगा वर्दी उतरवून गावी येणार आणि संघाच्या दारावरची पाटी त्याला म्हणणार, तू आमचा नव्हेस! आम्हांस आमचे कंत्राटी कामगार आठवले.

आम्ही सुचविले ते असे. ते कलम बदलावे. सभा रविवारी सायंकाळी घ्यावी. नव्या माणसाला हार घालून मागच्या खुर्चीवर बसवू नये (हारांवर संघाचा खर्च बराच होतो, हे जमाखर्चात दिसले). त्याच्या हाती काम द्यावे. दर वर्षी हयातीचा दाखला देताना म्हाताऱ्यांची तारांबळ उडते. पेन्शनचे व्यवहार 'स्पर्श'वर गेल्यापासून तर अधिकच. ते काम तरुण मोबाईलवर करून देईल. उलट नोकरीचा अर्ज कोणाकडे न्यावा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कोणता कागद लागतो, हे म्हातारे सांगतील.

सभेची वेळ लगेच बदलली. पहिल्या रविवारी चार नवे आले. पैकी एक रात्रपाळीला जायचा म्हणून अर्ध्यातून उठला. कलमाचा ठराव मात्र वार्षिक सभेवर ढकलला आहे. दोघा जुन्या सुभेदारांचा त्याला विरोध आहे, आणि चिटणीस रोज त्यांच्याकडे चहाला जात आहेत.